अवघड कपाट

वाचनालयात तिला सगळे शिक्केताई म्हणत, कारण परतीच्या तारखेचा शिक्का गेली सव्वीस वर्षं तिच्याच हातात होता. पुस्तक उघडायचं, शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बोटाने सपाट करायची, शिक्का शाईच्या गादीवर एकदाच टेकवायचा आणि चौकटीत मारायचा. दोनदा टेकवला की शाई पसरते, असं ती नव्या माणसांना बजावायची. नवी माणसं मान डोलावत आणि सहा महिन्यांत दुसरीकडे जात. शिक्का काही तिच्या हातातून सुटत नसे. खोटी तारीख मात्र तिने जन्मात कधी मारली नव्हती. सख्ख्या बहिणीचं पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी बहिणीला चहा मिळायचा, तारीख मागे सरकायची नाही.

जिन्याखाली एक कपाट होतं. त्यावर पाटी होती, ‘आधुनिक कलासिद्धान्त आणि अवाँ-गार्द’, म्हणजे चाकोरी मोडणारी नवी कला. आत एकेचाळीस पुस्तकं. वाचक त्या कपाटाकडे ढुंकूनही बघत नसत. एखादा चुकून तिथवर आलाच, तर स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. म्हणूनच शिक्केताई दुपारचा डबा तिथे बसून खायची. बारा वर्षांपूर्वी एकदा जेवता जेवता चाळा म्हणून तिने त्यातलं एक पुस्तक काढलं, एक पान वाचलं आणि तिला एक अक्षर कळलं नाही. याचा तिला संतापच आला. भाषा आपली, शब्द आपले, मग अर्थ परक्याचा कसा? दुसऱ्या दिवशी तिने तेच पान पुन्हा वाचलं. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी एक वाक्य उलगडलं. वस्तू कशाला उपयोगी पडते ते घटकाभर विसरा आणि मग तिच्याकडे बघा, असं काहीसं त्यात म्हटलं होतं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर दोरीवर वाळत घातलेल्या नवऱ्याच्या तीन शर्टांकडे ती इतका वेळ बघत राहिली, की सासूबाईंनी विचारलं, डाग राहिलेत का?

तेव्हापासून ते कपाट तिचं झालं. रोज जेवणाच्या सुट्टीत दीड पान. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं. अर्धं कळायचं, अर्धं डोक्यावरून जायचं. पण कळलेलं अर्धं तिला दिवसभर पुरायचं.

आणि एका जानेवारीत ग्रंथपाल वरच्या कार्यालयाचं पत्र घेऊन आले. जागा कमी पडते आहे, तेव्हा पाच वर्षांत जे पुस्तक एकदाही बाहेर गेलेलं नाही, ते वर्षअखेरीस रद्दीत. सोबतच्या यादीत जिन्याखालचं कपाट पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत होतं. शिक्केताईच्या तोंडचं पाणी पळालं. बसल्या जागी वाचलेलं धरत नाहीत, तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का हवा. आणि तिथे काम करणाऱ्यांनी स्वतःच्या नावावर पुस्तक न्यायचं नाही, हा नियम तर तिच्याही आधीचा. म्हणजे सव्वीस वर्षं ती दुसऱ्यांना पुस्तकं देत आली आणि तिचं स्वतःचं कार्डच नव्हतं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या नावाचं कार्ड काढावं तर ते त्याने दुकानात हरवलं असतं. राहता राहिल्या सासूबाई.

सासूबाईंनी बटणांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बटणं निवडली होती. समोरून बटणांची रास सरकत जायची आणि तडा गेलेलं, भोक तिरकं पडलेलं बटण त्या बघता बघता उचलून बाजूला टाकायच्या. नोकरी संपली तरी सवय गेली नाही. खोट काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, मग ती भाजीत असो, शेजारणीच्या बोलण्यात असो, नाहीतर सुनेत. शाळेचं तोंड मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. वाचनालयाच्या अर्जात नाव, पत्ता आणि वय विचारलं होतं. वाचता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी अंगठा उठवला आणि त्यांचं कार्ड तयार झालं.

शिक्केताईचा बेत साधा होता. पुस्तक पिशवीत घालून घरी न्यायचं, माळ्यावर ठेवायचं, तारखेला परत आणायचं. शिक्काही खरा, कपाटही वाचलं. पण पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पिशवीत हात घातला.

“अंगठा माझा आहे ना? मग काय आणलंस ते मला वाचून दाखव.”

तिने आधी पाटीवरचं नाव सांगितलं. सासूबाईंनी त्यातलं ‘अवाँ-गार्द’ हे ‘अवघड’ असं ऐकलं आणि म्हणाल्या की निदान नाव तरी खरं ठेवलंय. तेव्हापासून घरात ते अवघड कपाट झालं, आणि घरातलं वाचनालयात पोचायला कितीसा वेळ लागतो!

रोज संध्याकाळी सासूबाई वाटाणे सोलत बसायच्या, सून वाचायची. चित्र आलं की वाटाणे बाजूला. एका चित्राला त्या म्हणाल्या, हे नुसतं ओरडतंय. दुसऱ्याला म्हणाल्या, हा माणूस घाबरट असावा, सगळं कडेकडेने काढलंय. पुढचं पान वाचल्यावर लेखकही साधारण तेच म्हणतोय असं निघालं, आणि सासूबाईंनी लेखकाला पास केलं. अडतिसाव्या पुस्तकातल्या एका चित्रावरून मात्र दोघींचं तीन दिवस भांडण चाललं. सासूबाई म्हणत, यात खोट आहे. सून म्हणे, मोठ्या लोकांचं पुस्तक आहे, छापलेलं चुकत नसतं. शेवटी दोघी रुसल्या आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

अशात वर्षअखेरीच्या आधी तपासनीस आले. मितभाषी, काटेकोर माणूस. सदतीस पुस्तकांच्या चिठ्ठ्यांवर ताजे शिक्के, अडतिसावं बाहेर गेलेलं आणि सगळी एकाच कार्डावर, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. कार्ड कुणाचं, तर शिक्के मारणारीच्या सासूचं. अर्ज मागवला, तर त्यावर अंगठा. ते रागावले नाहीत, हेच वाईट होतं. वाचकाला उद्या सकाळी घेऊन या, एवढंच म्हणाले. पुस्तकं खरोखर वाचली गेली नसतील, तर या शिक्क्यांना अर्थ नाही आणि कपाट यादीत राहील. नोकरीपेक्षाही शिक्केताईला त्या एकेचाळीस पुस्तकांची काळजी वाटत होती. रात्रभर नाही, पण जेवताना दोन-तीनदा तिने सासूबाईंना विनवलं, उद्या कमी बोला.

सासूबाई दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं नेसून आल्या. बगलेत अडतिसावं पुस्तक, कारण ते त्याच दिवशी परत करायचं होतं. तपासनिसांनी त्यांना खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, आजी, हे तुम्ही वाचता?

“ते नंतर. आधी माझी तक्रार घ्या,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खूण म्हणून घातलेला दोरा धरून पान उघडलं. “लिहिणारा म्हणतो, मोठा गोळा वरून दाबतोय आणि खालच्या तीन चौकोनांचा जीव गुदमरलाय. इथे बघा. चौकोन वर मजेत आहेत आणि गोळा खाली बसलाय. एक तर लिहिणारा उलटा, नाहीतर छापणारा.”

तपासनिसांनी चष्मा पुसला आणि शेजारचं पान वाचलं. मग पुस्तक उलटं फिरवून चित्राजवळ डोळे नेले. कोपऱ्यात इतका वेळ जो शाईचा फराटा वाटत होता, तो आता चित्रकाराची सही म्हणून सरळ वाचता येत होता. ग्रंथपालही वाकून बघून गेले. पुस्तक तिथे तीस वर्षं होतं आणि चित्र तीस वर्षं उलटं होतं.

“पण अक्षर येत नाही, तर हे कळलं कसं?” तपासनिसांनी विचारलं.

“अक्षरं ही वाचते, मी बघते,” सासूबाई सुनेकडे बोट करून म्हणाल्या. “अर्धं हिला कळतं, अर्धं मला. पुस्तक पुरं होतं.”

शिक्केताईचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत तिला कुणी वाचणारी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते खोट काढणाऱ्या सासूने. तपासनिसांनी यादीतल्या जिन्याखालच्या कपाटावर आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, वाचक दोन. मग दुसऱ्या वाचकाचं कार्ड मागितलं. ते नाही आणि का नाही, हे ग्रंथपालांनी जरा ओशाळत सांगितलं. तो नियम कोणी आणि कशासाठी केला होता ते कुणालाच आठवेना, तेव्हा कार्ड तिथल्या तिथे झालं.

एकोणचाळिसावं पुस्तक शिक्केताईने स्वतःच्या नावावर घेतलं. चिठ्ठी सपाट केली, शिक्का गादीवर टेकवला, स्वतःच्या नावाची पहिलीच तारीख ठसठशीत उठावी म्हणून पुन्हा टेकवला आणि मारला. शाई पसरली, तारीख अर्धी पुसट झाली. सासूबाईंनी पुस्तक ओढून घेतलं, डोळ्यांशी धरून तो शिक्का नीट पाहिला, आणि खोट न काढता पुस्तक पिशवीत टाकलं.