घंटी वाजवणारा प्रोग्राम

नागापूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर. चपला-बूट बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. धुळीनं मशीन बिघडतं म्हणे! मशीनशॉपमधल्या माणसांना जड बूट सोडायचा कंटाळा, म्हणून ती दारातूनच कागद द्यायची. आम्ही हिशेबखात्यातल्या बायकाही तेच करायचो. आत आसाराम एकटा.

आसाराम राजूरकडचा. आई गेल्यापासून गावाकडे त्याची वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं, आणि इथल्या भाड्याच्या खोलीत तर नुसत्या भिंती. दिवसभर हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलपुढे बसून कमांड टाइप करायचा. बोलायचा इतका कमी, की पोरं त्याला 'सायलेन्सर' म्हणायची. मेल्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

त्याला सोबत एकच. पटांगणापलीकडे स्टोअरमध्ये काकासाहेब नावाचा कारकून होता, त्याच्याकडेही तारेनं जोडलेलं तसलंच टर्मिनल. जेवणाच्या सुट्टीत काकासाहेब तिकडून इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, 'जेवला का?' इकडे टूं करून घंटी वाजायची. आसाराम 'व्हय. तुमी?' असं लिहायचा आणि मग डबा उघडायचा. आधी जेवलो म्हणायचं आणि मग जेवायचं, अशी त्याची तऱ्हा!

एकदा तो निरोप नेमका मालाच्या चलनाच्या मधोमध उमटला आणि तसाच छापून गेला. पुण्याहून गिऱ्हाइकाचा फोन, "आम्ही जेवलो हो, पण माल कुठाय?" अख्खं ऑफिस खो खो हसलं. आसाराम कानापर्यंत लाल झाला.

अठ्ठ्याण्णव साली विंडोजवाले नवे कॉम्प्युटर आले. जुनी टर्मिनलं जाणार आणि त्यांचं सोंग घेणारा एक प्रोग्राम, एम्युलेटर, नव्या मशीनवर बसणार. कुठला घ्यायचा ते आसारामनं सांगायचं होतं. सचिन नावाचा इंजिनिअर फ्लॉप्यांवर तीन घेऊन आला. मी दारातच उभी होते.

पहिल्यात रंगच रंग. दुसऱ्यात अक्षरं मोत्यासारखी. आसाराम प्रत्येक वेळी जुन्या टर्मिनलवरून नव्यावर निरोप पाठवायचा आणि कान देऊन बसायचा. दोन्ही मुके. तिसऱ्यात रेघा तुटक, अक्षरं वाकडीतिकडी, पण टूं वाजलं.

"हाच," आसाराम म्हणाला.

"अहो, हा सगळ्यात भिकार आहे!"

"निरोप आला तर कळाया पायजे ना साहेब. माणूस तिकडं वाट बघतंय."

एवढं लांब बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. सचिननं खांदे उडवले आणि सगळीकडे तोच बसवला.

पण झालं काय, काकासाहेबांच्या नव्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळही आला. जेवणाची सुट्टी झाली की गडी पत्ते लावत बसायचा. निरोप आधी उशिरा यायला लागला, मग यायचाच बंद झाला. आसाराम बंद डब्यावर हात ठेवून बसलेला दिसायचा. माझ्या जिवाची नुसती तगमग. शेवटी गेले तावातावानं स्टोअरमध्ये.

"काकासाहेब, त्या माणसाला विचारा की जेवला का म्हणून!"

"विचारतो हो ताई, एवढा डाव होऊ द्या."

जळो मेला तो डाव!

मग एका दुपारी आतून टूं ऐकू आलं. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आली बाई अक्कल काकासाहेबांना. दारातून डोकावले. आसारामच्या स्क्रीनवर त्याच प्रोग्रामच्या दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत त्यानं स्वतःच टाइप केलं, 'जेवला का?' दुसरीत टूं वाजलं. तिथं त्यानं उत्तर लिहिलं, 'व्हय. तुमी?' आणि डबा उघडला.

मला भडभडून आलं. टेबलावरचा माझा डबा आणला, चपला काढल्या आणि आत गेले. लादी बर्फासारखी गार होती. त्याच्या पाठीशी उभी राहून म्हटलं, "आसारामभाऊ, जेवला का?"

तो दचकला. आणि त्यानं आधी स्क्रीनकडे पाहिलं.