एका मयतास एकच आजार

विषय : कॅन्सर हृदयापर्यंत कसा पोचतो व किती वेळा पोचतो.
संदर्भ : बिदर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यातून निजामी अमलात वर गेलेला अर्ज. दवाखान्याचं नाव सांगत नाही. अजूनही कुणी खुलासा मागेल.

दवाखान्यात कारकुनी केलेल्या माणसाकडे किस्से रिकाम्या बाटल्यांसारखे साचतात. टाकवत नाहीत आणि परत कुणी घेत नाही.

*

आमचे डॉक्टर हमीदसाहेब हैदराबादेहून आले ते एक प्रश्न घेऊनच. कॅन्सरच्या रोग्याला शेवटी दम लागायचा, छाती भरायची, आणि सगळे म्हणायचे, हृदय थकलं.

कंपाउंडर शिवप्पांनी समजूत घातली, "साहेब, मरताना सगळ्यांचंच हृदय बंद पडतंय."

"हौ. लेकिन बंद किया किसने, वो देखे क्या कोई?"

*

मयताच्या तक्त्यात आजाराला एकच रकाना. साहेबांनी एका मयतापुढे दोन आजार लिहिले : फुप्फुसाचा कॅन्सर, हृदयापर्यंत गेलेला. वरच्या ऑफिसनं तक्ता परत पाठवला. "एका मयतास एकच आजार. दुसरा खोडावा."

साहेबांनी खोडला नाही. तक्ता पुन्हा गेला, पुन्हा आला. मयताला अग्नी मिळाला, कागदाला मुक्ती मिळेना.

*

एकदा तपासणीला मोठे डॉक्टर आले. म्हणाले, हृदयात कॅन्सर जाणं फार क्वचित. हमीदसाहेबांनी अदबीनं विचारलं, हुजुरांनी अशा रोग्यांची किती हृदयं उघडून पाहिली?

"एकही नाही. पाहायची गरज काय? क्वचितच असतं ना!"

*

मग निर्णा गावच्या तुळजाक्का आल्या. स्तनातली गाठ लुगड्याखाली लपवून त्यांनी दोन सुग्या काढल्या होत्या. आता आडवं पडवत नव्हतं. साहेबांनी हृदयाभोवतालच्या पिशवीत सुई घालून लालसर पाणी काढलं. त्या दुपारी अक्का पाठ टेकून झोपल्या.

उठल्यावर त्यांनी विचारलं, छातीवरची गाठ आत गेलीच कशी? साहेबांच्या दख्खनीचं मी मराठी करत होतो. हराळी शेजारच्या शेतातून बांधाखालून येते, पाटाच्या पाण्याबरोबरही येते; तसंच हे, कधी लगतच्या भागातून, कधी अंगातल्या रसातून, कधी रक्तातून. पण किती जणांत येतं, ते कुणी खणून पाहिलेलंच नाही.

"मग मी मेल्यावर खणून बघा," अक्का म्हणाल्या. "माझ्यामागं दुसऱ्या बाईला दम लागला, तर सुई वेळेवर टोचाल."

मुलगा मारुती उसळला. "फाडलेलं मढं गावात कसं न्यायचं, माय? लोक काय म्हणतील?"

"जित्तेपणी कुणी बघायला आलं न्हाई. मेल्यावर कामून बघतील?"

*

पोलीस केस नसली, तर प्रेत उघडायला वरची मंजुरी लागायची. मी अर्ज लिहिला, अक्कांनी अंगठा दिला. उत्तर आलं : "अर्जदार हयात आहे. मृत्यूनंतर अर्जदाराने नव्याने अर्ज करावा."

मी वाचून दाखवलं. अक्का दम लागेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "करते म्हणून लिव्हा."

*

अक्का गेल्या तेव्हा मारुती गाडी जुंपून आला. मी त्याच्या नावानं नवा अर्ज लिहून तातडीनं पाठवला. मंजुरी यायच्या आत प्रेत टिकणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मारुतीनं बैल सोडले आणि पायरीवर बसला.

"मायचा शब्द हाय. बघा, साहेब."

साहेबांनी पाहिलं. हृदयावरच्या आवरणात जागोजागी पांढरे खडे. टाके बारीक घातले, लुगडं नीट नेसवायला लावलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "एक मिला. कितने मिलते, वो ढूंढे तो मालूम."

तक्त्यात त्यांनी दोन आजार लिहिले.

मारुतीनं अक्कांना निर्ण्याला नेलं. पुढं पीक आलं, गेलं. निजामाचं राज्य गेलं. नवे शिक्के आले, आणि नव्या शिक्क्यानिशी एक लखोटा :

"सदर अर्ज विचाराधीन आहे. निर्णय होईपर्यंत प्रेत हलवू नये."