नानांनी चहा पाठवला होता

“ताई, त्या पोरीनं माझं बोलणं खरं धरलं हो,” नाना म्हणाले आणि वकिलाची नोटीस त्यांनी माझ्या टेबलावर सरकवली.

नानांची जळगाव एमआयडीसीत डाळ मिल आहे. मी त्यांच्या मिलचा, मालाचा, गाड्यांचा विमा बघते. जोडीला कामगारांसाठी नियमही लिहून देते, पण त्यासाठी नानांनी मला आजवर कधी बोलावलं नव्हतं. नियम कशाला, मी आहे ना, असं त्यांचं म्हणणं.

नोटीस पल्लवीची होती. पल्लवी धुळ्याची. मिलमध्ये कलर सॉर्टर चालवायची, म्हणजे डाळीतला डागी दाणा कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या झोतानं बाहेर उडवणारं मशीन. पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर नाना तिला म्हणाले होते, “उद्यापासून येऊ नको.” ती आली नाही. चौकशी न करता तोंडी काढलं, असं तिच्या वकिलानं लिहिलं होतं. तिला परत घ्या आणि त्याच लोकांसमोर शब्द मागे घ्या, नाहीतर कोर्टात भेटू.

“काय कारणानं काढलंत?” मी विचारलं.

“आता एवढं कुठं लक्षात राहतं?”

“नाना, कोर्ट पहिला हाच प्रश्न विचारेल.”

“पण मी काढलंच नाही. दुपारी चहा पाठवला होता तिला.”

हे चहाचं प्रकरण मला काही कळेना. मग नानांनी समजावलं. त्यांच्या मिलमध्ये रागाच्या भरात कुणीतरी सारखं काढलं जातं. ते माणूस मागच्या बाजूला पोत्यांवर जाऊन बसतं. नानांचा पारा उतरला की ऑफिसातून त्याला चहा जातो. चहा आला की माणूस परत कामावर. सगळ्या मिलला हे पाठ आहे. पल्लवी नवी, तिला कुणी सांगितलंच नाही. चहा पोत्यांपाशी पोचला तेव्हा ती धुळ्याच्या एसटीत बसली होती.

“चहाचे साक्षीदार आहेत माझ्याकडे,” नाना म्हणाले. “आणि तो एक विमा असतो ना, कामगारानं केस केली तर? तो आजच काढून टाका. मागची तारीख टाका.”

असा विमा खरंच असतो. कर्मचाऱ्यानं मालकावर दावा लावला, तर वकिलाचा खर्च आणि ठरलेल्या मर्यादेत भरपाई विमा कंपनी देते. पण नोटीस हातात पडल्यावर काढलेली पॉलिसी त्या नोटिशीला चालत नाही. वरातीमागून घोडं काय कामाचं? आणि मागची तारीख टाकली असती तर नानांच्या आधी मीच आत गेले असते. हे ऐकून नाना खट्टू झाले. निदान साक्षीदार तरी बघा म्हणाले.

मी मिलमध्ये गेले. मुकादम राघोभाऊ, अमळनेरकडचे, नानांचे जुने माणूस. ते मोठ्या ऐटीत म्हणाले, “माले तर नानानी कितल्याच येळा काढं. दिवाळीले बी काढं. पन मी गऊच नही. चहा येस ना.” मागे उभ्या बायकांनी माना डोलावल्या. मग प्रत्येकीनं आपापली गोष्ट सांगितली, एकीहून एक सरस. शेडमध्ये हशा पिकला. नाना तर कौतुकानं ऐकत होते.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “नाना, हे साक्षीदार समोरच्या वकिलाला दिसू देऊ नका. तुम्ही सगळ्यांनाच तोंडी काढता, हे ते हसत हसत सिद्ध करतील.”

आता मात्र नानांचा चेहरा पडला. त्यांची निम्मी डाळ पुण्याची एक कंपनी घेते, आणि कामगारांचा खटला चालू असलेल्या मिलकडून ती कंपनी माल उचलत नाही. केस उभी राहिली तर मिलचं कंबरडं मोडणार होतं.

मी तिथंच नियम लिहायला बसले. तोंडी कुणालाही काढायचं नाही. तक्रार लेखी हवी, त्या माणसाचं म्हणणं ऐकायचं, मग दोघांच्या सहीनं निर्णय. दुसरी सही अक्कांची. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, मिलमध्ये भागीदार. जगात नाना फक्त त्यांना घाबरतात.

“आणि मला राग आला तर?” नानांनी विचारलं.

“कागदावर लिहून काढायचा.”

“लिहिता लिहिता जाईल की तो.”

“म्हणूनच.”

पण शब्द मागे घेण्यावर गाडी अडली. “पैसे मागितले असते तर देऊन टाकले असते,” नाना पुटपुटले. “शेडमध्ये, सगळ्यांसमोर?”

सहीसाठी बोलावलेल्या अक्का शांतपणे म्हणाल्या, “काढताना बठ्ठासना मोरे काढं ना? मंग घेताना बी तठेच.”

निरोप गेल्यावर पल्लवी वडिलांना घेऊन आली. नाना शेडमध्ये उभे राहिले, घसा खाकरला. “मी हिला काढलं ते माझं चुकलं. ही कामावर आहे.” पल्लवी म्हणाली, “ठीक आहे, नाना,” आणि मशीनकडे गेली. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

तेवढ्यात राघोभाऊ पुढे आले. “नाना, मंग आमनं काय?”

“तुझं काय? तुला तर चहा...”

“चहा येस, नाना. पन आसं तुम्ही कधी बोलनात नही.” ते खाली बघत होते. “माले बी लागे.”

कुणी हसलं नाही. त्या सरस गोष्टी सांगणाऱ्या बायकाही नाहीत. नानांनी अक्कांकडे पाहिलं, पण अक्का काही मदतीला आल्या नाहीत. मग नाना एकेकाजवळ गेले आणि नाव घेऊन प्रत्येकाला तेच वाक्य म्हणाले. राघोभाऊंपाशी त्यांना ते पुरं करता आलं नाही.

नोटीस मागे घेतली गेली. नंतर, पुढच्यासाठी म्हणून, त्याच विम्याचा फॉर्म भरायला बसलो. त्यात एक प्रश्न असतो, याआधी किती कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं? नाना म्हणाले, “खरं ते लिहा. सगळ्यांना.”

आठवड्याभरात मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. “मॅडम, एकूण कामगार आणि काढलेले कामगार, दोन्ही ठिकाणी एकच आकडा आहे. चूक झालीय का?”

“चूक झाली होती,” मी म्हणाले, “पण फॉर्ममध्ये नाही.”

प्रीमियम जरा चढा लागला. माझ्या धंद्यातलं हे एक साधं सत्य आहे. खरं सांगणाऱ्याला पॉलिसी महाग पडते, पण त्याचा क्लेम अडत नाही.