नंबराच्या पट्टीवरचे कुंकू

मे २०२०च्या शेवटच्या आठवड्यात, डब्लिन विमानतळावर, माझ्या सासूबाईंनी कस्टम्सच्या खिडकीपुढे बॅग उघडली आणि दोन साड्यांत गुंडाळलेले शिलाई मशीन बाहेर काढले.

मशीन फेब्रुवारीत घेतलेले होते. मिरजेत त्या शिवणवर्ग चालवतात. पैसे वर्गातल्या चौघींनी मिळून दिले होते. बाहेरून आलेल्या पाहुण्याने इथे घेतलेली वस्तू मुदतीत युरोपबाहेर नेली, तर तिच्यावरचा विक्रीकर परत मिळतो. दुकानदाराने तसा फॉर्म भरून दिला होता; त्यावर निघताना विमानतळावर कस्टम्सचा शिक्का घ्यायचा होता. ती रक्कम आली की तुमच्यात वाटून देईन, असे सासूबाईंनी दुकानातूनच फोन करून चौघींना सांगून टाकले. त्यांचे मार्चचे परतीचे विमान रद्द झाले. मुदत मेअखेर संपत होती, आणि भारतात जाणाऱ्या विशेष विमानात त्यांना आता कुठे जागा मिळाली होती.

माझा नवरा डब्लिनजवळच्या नावन गावी रुग्णालयात डॉक्टर. त्याची ड्यूटी होती. विमानतळात फक्त प्रवाशांना सोडत होते. सासूबाईंना इंग्रजी येत नाही असे सांगितल्यावर मलाही आत घेतले.

मिरजेत सासऱ्यांना आदल्या दिवसापासून ताप होता. कोरोनाच्या तपासणीसाठी घशाचा नमुना घेऊन गेले होते, अहवाल यायचा होता. घरात ते एकटेच होते.

काचेमागचा अधिकारी त्या दिवसांत कुणाच्या सामानाला हात लावत नव्हता. त्याने फॉर्म पाहिला आणि मशीनवरचा नंबर दाखवायला सांगितले. मी मशीन फिरवले. नंबर मागच्या पत्र्याच्या पट्टीवर होता. पट्टीवर स्वस्तिक होते.

नवी वस्तू पूजा केल्याशिवाय घरात ठेवायची नाही, ही सासूबाईंची पद्धत. आणली त्याच संध्याकाळी त्यांनी मशीनची पूजा केली होती. पांढऱ्या प्लॅस्टिकवर डाग पडेल म्हणून त्यांनी हळद-कुंकू पाण्यात कालवून पत्र्यावर बोट ओढले. ते वाळून घट्ट बसले होते. पहिले चार आकडे दिसत होते, पुढचे नाहीत.

अधिकाऱ्याने नंबर छापलेले खोके आहे का विचारले. वजन वाचवायला खोके आम्ही कधीच कचऱ्यात दिले होते. मग तो म्हणाला की पुसून घ्या, सावकाश होऊ दे, "यू आर ग्रँड", म्हणजे काही अडचण नाही. त्याने काचेखालून सॅनिटायझर लावलेला कागद सरकवला.

मी कागद उचलला. सासूबाईंनी माझे मनगट धरले.

"हात लावू नको."

"आई, फक्त नंबरापुरतं."

"ह्येंस्नी ताप हाय. आन् मी हितं कुंकू पुसू व्हय?"

मी अधिकाऱ्याला विचारले, दिसतात तेवढ्या आकड्यांवर चालेल का. तो काचेजवळ वाकला, मोबाइलचा उजेड पट्टीवर टाकला. त्याने पाचवा आकडा वाचला. सहावा तीन की आठ, हे त्याला ठरवता येईना. जे वाचता येत नाही त्यावर शिक्का मारता येत नाही, असे त्याने सांगितले. आवाज चढला नव्हता. आमच्या मागे कुणी नव्हते.

चेक-इनच्या काउंटरवरून उरलेल्या प्रवाशांना बोलावणे सुरू झाले. शिक्क्याआधी बॅग तिकडे देता येत नव्हती.

मी नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने आधी वडिलांचे सांगितले: ताप तसाच आहे, अहवाल नाही. मग आईला समजावले. ते मशीनचे कुंकू आहे, तुझे नाही. चौघींना तू शब्द दिला आहेस.

"तुला डॉक्टर केलाय, भटजी न्हाई," त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, तू दुसरीकडे बघ, तुझी सून पुसेल. माझे मनगट अजून त्यांच्या हातात होते. काउंटरवरून पुन्हा पुकारा झाला. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले आणि आमच्याकडे.

सासूबाईंनी माझा हात सोडला. पट्टीवर बॅगेतल्या साडीचा पदर घातला, मशीन बॅगेत ठेवले आणि चेन ओढली.

"त्या चौघींचं मी बघीन. त्या सायबाला म्हणावं, शिक्का राहू दे."

मी तसे सांगितले. त्याने फॉर्म परत सरकवला. बॅग काउंटरवर शेवटच्या काही बॅगांत गेली.

विमान दिल्लीला उतरले. सासूबाईंचे विलगीकरण तिथल्या हॉटेलात झाले. तिथे असतानाच सासऱ्यांचा अहवाल आला, निगेटिव्ह. जूनमध्ये सासूबाई मिरजेला पोचल्या, तेव्हा दार सासऱ्यांनी उघडले.

परतावा मिळाला नाही. जुलैत त्यांनी हातातली सोन्याची एक बांगडी मोडून चौघींना त्यांचा वाटा दिला.