रेडिएटरचं कुलूप

फोरमननी ट्रकच्या रेडिएटरला कुलूप घातलं होतं. झाकणावर लोखंडी पट्टी, पट्टीला कडी, कडीत छोटं पितळी कुलूप आणि किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. डिझेलच्या टाकीला कुलूप सगळेच लावतात. पाण्याला कुलूप लावणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. ड्रायव्हर हसायचे. "फोरमनच्या घरी नळालासुद्धा कुलूप असेल," असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. फोरमन मान वर न करता म्हणायचे, "नळाला नाही. तुझ्या हाताला लावायला पाहिजे होतं."

आमची संस्था नाशिकहून हरसूल, पेठ, सुरगाण्याकडे फिरता दवाखाना पाठवते. मी तिथे स्टोअर सांभाळते. औषधं, सुया, टायर, फिनेल, सगळं माझ्याकडे. दवाखान्याचे दोन ट्रक देणगीत आले, ऑटोमॅटिक गिअरचे. फीत कापली, फोटो निघाले आणि नंतर लक्षात आलं, की या गाड्यांना हात लावणारा माणूसच आपल्याकडे नाही. तेव्हा हे देवळ्याचे गृहस्थ फोरमन म्हणून आले. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी एका बंदरावर अशाच गाड्यांखाली काढली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही ट्रकखाली जमिनीवर पुठ्ठे पसरले, त्यांवर आडवे झाले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "गाड्या चांगल्या आहेत. माणसं बघायची राहिलीत."

गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. पण समजावून सांगायला बसले, की समोरच्याला कळेपर्यंत उठायचे नाहीत. मला त्यांनी स्टोअरमधली सलाईनची नळी घेऊन समजावलं होतं. गिअरच्या तेलाची नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. तिथल्या पाण्यामुळे तेल थंड होतं. तेल आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पत्रा. वाटेत सापडेल त्या बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये घालत राहिलं, की तो पत्रा आतून कुजतो आणि एक दिवस त्याला भोक पडतं. बाहेर थेंब सांडत नाही. पाणी आतल्या आत गिअरच्या तेलात जातं. "इंजिनाला पाणी कमी पडलं तर गाडी बंद पडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण गिअरबॉक्समध्ये पेलाभर पाणी गेलं तरी गाडी मरते, हे तुमच्या साहेबालासुद्धा ठाऊक नाही, बाई."

म्हणून दोन्ही ट्रकना ते कुलूप, दोन्हींना एकच किल्ली. पाणी कमी झालं, तर ते कुठेतरी गेलेलं असतं. खाली दिसलं तर ठीक. दिसलं नाही, तर आत गेलं. ड्रायव्हर चांगल्या मनानं वरून बाटली ओततो, पातळी सारखी होते आणि पाणी गेल्याची खूणच पुसली जाते. रोज सकाळी ट्रक निघण्याआधी फोरमन कुलूप काढायचे, पातळी बघायचे, कुलूप लावायचे. कधी बोटभर कमी दिसली, की सगळ्या आवारात ऐकू जाईल असं ओरडायचे, "पाणी गेलं कुठं?" फार चिडले की गावाकडची बागलाणी बोली निघायची, "पानी कथं गयं?" मग नळीच्या जोडाची ढिली पकड सापडेपर्यंत ट्रक जागचा हलत नसे. डॉक्टर, नर्स, औषधांचे खोके, सगळं थांबलेलं.

त्यांची दुसरी सवय ऑफिसला आणखी झोंबायची. दर सोमवारी ते गिअरच्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचे आणि तो कागद वर्कशॉपच्या भिंतीला टाचायचे. थेंब स्वच्छ लाल पसरला तर ठीक. गुलाबी, ढगाळ दिसला किंवा कडेनं पाण्याचं कडं उमटलं, तर पाणी शिरलं. यासाठी कागद ते कोरे घेत नसत. ऑफिसातून येणारी परिपत्रकं पाठीमागून वापरायचे. साहेबांनी एकदा भिंतीवर 'वेळेचे महत्त्व' उलटं लटकलेलं पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" फोरमन म्हणाले, "या कागदाचा उपयोग आहे हा."

साहेबांशी त्यांचं खरं भांडण एका छोट्या जाळीवरून होतं. ट्रकच्या तोंडाशी वाऱ्यावर थंड होणारा, जाळीसारखा स्वतंत्र कूलर बसवायचा, तेलाची नळी रेडिएटरमधून काढून तिकडे न्यायची. तेल आणि पाणी एकमेकांच्या जवळच येऊ द्यायचं नाही. फोरमननी तसा मागणी अर्ज दिला, दोनदा. दोन्ही वेळा त्यावर शेरा आला, 'वाहन सुस्थितीत आहे.' साहेब मला म्हणाले, "चालत्या गाडीला कशाला औषध? बंद पडली की बघू." आणि मी ते दोन्ही कागद भोकं पाडून फाईलला लावले. व्यवस्थित, तारखेप्रमाणे. आजही ती फाईल हातात आली की माझं डोकं फिरतं.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जायच्या आधी ते स्टोअरमध्ये आले आणि करगोट्याची किल्ली सोडून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "सकाळी पातळी बघायची. कमी असली तर भरायचं नाही, मला फोन करायचा. किल्ली कुणालाही द्यायची नाही. संपत गोड बोलेल. द्यायची नाही."

संपत हा हरसूलच्या फेरीचा ड्रायव्हर. तिसऱ्याच दिवशी तो आला. "ताई, किल्ली द्या ना. जरासं पाणी टाकायचंय. आज हरसूलचा बाजार हाय, माणसं लय येत्यात." मी विचारलं, खाली गळतंय का? "नाय ना ताई, कोरडं ठाक हाय." त्या 'कोरडं ठाक'लाच मी हबकायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला अर्ध्या लिटरसाठी काय फोन करायचा, असं मनात म्हणत मी किल्ली दिली. एकदा दिली, म्हणून दुसऱ्यांदा दिली. नऊ दिवसांत चार वेळा. सुयांचा एक खोका इकडचा तिकडे झाला तर मी आवार डोक्यावर घेते. आणि हे चार वेळा.

दहाव्या दिवशी त्र्यंबकच्या पुढच्या चढावर इंजिन ओरडत राहिलं आणि ट्रक जागेवरच उभा राहिला. दुसऱ्या गाडीनं ओढून आणला. फोरमन काळा चष्मा लावून घरून तसेच आले. गिअरच्या तेलाची पट्टी ओढून काढली. लाल तेलाच्या जागी गुलाबी, दाट फेस, आइस्क्रीम वितळल्यासारखा. कागद लागलाच नाही.

"पाणी गेलं कुठं?" त्यांनी विचारलं. या वेळी ओरडले नाहीत. संपत जमिनीकडे बघत होता.

मी म्हणाले, "किल्ली मी दिली."

"किती वेळा?"

"चार."

"फोन?"

"नाही केला."

त्यांनी पट्टी पुसली आणि जागेवर ठेवली. "चार वेळा गाडीनं सांगितलं, बाई. चारही वेळा तुम्ही तिचं तोंड दाबलंत."

गिअरबॉक्सच्या आतल्या चकत्यांचं अस्तर पाण्यानं भिजून सुटलं होतं. नवीन बाहेरून मागवायला लागणार होतं. हरसूलची फेरी चार महिने बंद राहिली. ज्या बायका दर बाजाराला येऊन रक्तदाब दाखवत होत्या, त्या दोन बाजार रस्त्याकडेला बसून परत गेल्या, मग यायच्या थांबल्या. हे मला नंतर नर्सनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

बैठक झाली. विश्वस्त बसले होते. साहेबांनी सगळं मांडलं: फोरमनच्या विक्षिप्त कुलपामुळे ड्रायव्हरना वेळेवर पाणी भरता आलं नाही, गाडी तापली, नुकसान झालं. धडधडीत उलटं. पाणी भरलं म्हणून गाडी गेली होती, आणि कूलरचे दोन अर्ज माझ्या मांडीवरच्या फाईलमध्ये होते. मी उठले. म्हणाले, "साहेब, किल्ली त्या दिवसांत..."

"किल्ली माझी," फोरमन मध्येच म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर होती. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. बोला पुढं."

मी खाली बसले. का बसले याला कारणं आहेत. ती इथे देत नाही, कारणं सगळ्यांकडे असतात. पण त्या माणसाचा मला जितका राग आला, तितका साहेबांचाही आला नाही. कुणी मागितला होता हा मोठेपणा? मला बोलता येत होतं. मी उभी होते. आयुष्यभर प्रत्येकाला तोंडावर सुनावणारा माणूस, त्याला माझ्याच वेळी गप्प राहायची बुद्धी कशी झाली?

विश्वस्तांनी फोरमनना कामावरून काढलं. संध्याकाळी त्यांनी आपला पान्यांचा डबा सायकलला बांधला. दुसऱ्या ट्रकचं कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तरी देऊ नका." बाहेर पडले ते थेट गावी, देवळ्याला.

मी दिली नाही. रोज सकाळी साडी खोचून त्या ट्रकच्या तोंडाशी उभी राहायचे, पातळी बघायचे, सोमवारी थेंब टाचायचे. पावसाळा संपता संपता पातळी बोटभर कमी दिसली. जोड कोरडे, जमीन कोरडी. मी ट्रक सोडला नाही. साहेब खाली आले. "अहो, डॉक्टर बसलेत आत. तुम्ही काय मेकॅनिक आहात का?" मी म्हटलं, "नाही. पण पाणी गेलं कुठं, ते तुम्ही सांगा. मग सोडते." ते परत वर गेले. बाहेरच्या मेकॅनिकनं रेडिएटर उतरवून आतली नळी हवा भरून पाण्यात बुडवली, तर बुडबुडे आले. टाचणीच्या टोकाएवढं भोक. गिअरबॉक्स वाचला. त्याच आठवड्यात नवा रेडिएटर आणि तो कूलर, दोन्ही आलं. सुस्थितीतल्या वाहनाला.

मग मी विश्वस्तांना लिहून दिलं: किल्ली माझ्याकडे होती, मी चार वेळा दिली, सोबत नाकारलेले दोन अर्ज. मला ताकीद मिळाली, ती रास्त होती. साहेबांना काहीच मिळालं नाही. आणि फोरमनना सन्मानानं परत बोलावणारं पत्र निघालं. ते टपालानं पाठवायचं मी साफ नाकारलं. संपतला घेऊन देवळ्याला गेले. तो गाडीतून उतरायला तयार नव्हता. "मी कुठल्या तोंडानं येऊ ताई?"

फोरमन अंगणात कुणाचा तरी फवारणीचा पंप खोलून बसले होते. बारीक झाले होते. "या बाई," एवढंच म्हणाले. मी पत्र दिलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि शेवटी हेही सांगितलं, की त्या दिवशी मला बोलू दिलं नाहीत, ते मी माफ केलेलं नाही.

"दोघं गेलो असतो," ते म्हणाले. "मग दुसरीचं पाणी कोण बघणार होतं?"

बरोबर होतं ते, आणि त्याचाच आणखी राग आला.

"दुसरीचं तेल कसं आहे?"

ते मी आणलं होतं. लघवी तपासायला देतो त्या प्लास्टिकच्या बाटलीत. त्यांनी वास घेतला, दोन बोटांत चोळून पाहिलं. इकडे तिकडे पाहिलं आणि हातातलं पत्र उलटं केलं.

"अहो फोरमन, त्याच्यावर सही आहे!"

"पाठ कोरी आहे."

थेंब टाकला. ऑपरेशन केलेल्या डोळ्याजवळ कागद धरून उन्हात बराच वेळ पाहत राहिले. डाग हळूहळू पसरत गेला. मग पत्र माझ्या हातात परत दिलं. "भिंतीला लावा."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी इथं बरा आहे," म्हणत ते पंपाकडे वळले.

मी तणतणत बाहेर आले. गाडीचं दार एवढ्या जोरात लावलं, की संपत दचकला.

"काय म्हटले फोरमन?"

"लाल आहे म्हणाले. चल."