रेडीमागे पळताना

विश्रामबागेतल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. माणसाचं शरीर पळण्यासाठीच घडलंय, हे दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून सांगते. टाचेमागची स्प्रिंगसारखी शीर, भरदार ढुंगण (इथे वर्ग हमखास हसतो), केस झडलेली आणि घाम गाळणारी कातडी. तास संपला की कोपऱ्यावरच्या घरी रिक्षाने जाते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

गेल्या मे महिन्यात कराडजवळ थोरल्या बहिणीकडे गेले होते. शेजारच्या लग्नात फटाके वाजले आणि तिची रेडी बिथरली, दावं तोडून हायवेच्या दिशेने उधळली. या रेडीची आई ती जन्मली तेव्हाच गेली. ताईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. घरातले सगळे गडी तेव्हा मांडवात जेवत होते.

"आगं, टरकाखाली जाईल की गं ती!" ताई ओरडली आणि साडी खोचून धावली. तिच्यामागे मी.

रेडीचा वेग आमच्या कितीतरी पट. ताई तर जीव खाऊन पळत होती. असं पळून ती विहिरीपर्यंतही पोचली नसती.

"ताई, दमानं! गाठायचं नाही तिला, फक्त विसावू द्यायचं नाही!" मी ओरडले. म्हशीला घाम फारसा येत नाही, तापलेलं अंग तिला लवकर निववता येत नाही. आपल्याला येतं. आपले पूर्वजही उन्हात हरणामागे असेच संथ पळत राहिले असावेत, ते तापून उभं राहीपर्यंत. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण वाद घालण्याइतका दम मला त्या दिवशी नव्हता.

मी हायवेच्या अंगाने आडवी गेले, ताई मागून आली. रेडी माळाकडे वळली. वाटेतला पाट कोरडा होता हे नशीब, नाहीतर पाण्यात बसून तिने आमची फजितीच केली असती. ती थांबायची, आम्ही दिसलो की पुन्हा सुटायची, पण दर वेळी थोडी कमी. आम्ही घामाने निथळत होतो आणि तरी पळत होतो! मला इतका आनंद झाला की मोठ्याने हसू फुटलं. शेवटी एका बाभळीखाली रेडी धापा टाकत उभी राहिली आणि ताईने तिच्या गळ्याला मिठी मारली.

तिचा श्वास बसेपर्यंत आम्ही सावलीत थांबलो. ताई रडत होती.

"गुडघे दुखतात का गं?" मी विचारलं.

"न्हाई गं. लगीन झाल्यापास्नं पळालेच न्हवते बघ. सून कवा पळती व्हय? मला वाटलं, आता येतच नसंल."

"कसं जाईल? लाखो वर्षांपासून अंगात आहे ते."

ताईने डोळे पुसले. रेडीला घेऊन आम्ही गावच्या रस्त्याला लागलो. समोरून जेवून परतणारी माणसं येत होती. ताईने तुटकं दावं माझ्या हाती दिलं, पदर पुन्हा खोचला आणि त्यांच्या देखत पळत सुटली.