कुरुदच्या विहारातला शेवटचा वर्ग

भिलाईला कोणी फिरायला जातं का, असं घरच्यांनी विचारलंच. मीही काही फिरायला चालले नव्हते. आमच्या ताईचे यजमान स्टील प्लांटमधून रिटायर झाले, क्वार्टर सोडून दोघं कायमची नागपूरला येणार होती. सामान बांधायला हक्काची हमाल म्हणून मला बोलावणं आलं.

नागपूरहून सकाळची गाडी धरली की दुपारपर्यंत दुर्ग. तिथून शेअर ऑटो मिळतो, पण भाडं बसण्याआधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि शहाणी झाले. स्टेशनबाहेरचे समोसे मात्र खाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई मला कुरुदला घेऊन गेली. भिलाईच्या टोकाचं हे गाव आता शहराला चिकटलंय. आतला रस्ता इतका उखडलेला, की ऑटो नाक्यावरच सोडतो. तिथल्या बुद्धविहारात ताई रोज बारक्या लेकरांना लिहाय-वाचायला शिकवायची. वस्ती विदर्भातून आलेल्यांची. बायका पाळीने हॉल झाडतात, सतरंज्या टाकतात, एकजण दाराशी बसून गडबड करणाऱ्यांना दटावते. त्यांच्यातल्या बहुतेकींना स्वतःला वाचता येत नाही.

दुसरीतली पल्लवी भिंतीला टेकून बसली होती. शाळा हिंदी, घर मराठी. एकदा शाळेत तिच्या तोंडून 'क्यों'च्या जागी 'कावून' निघालं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून ती शाळेत बोलतच नाही. ताईकडे येऊन अक्षरं जोडायला लागली होती, पण अख्खं वाक्य अजून एकही लिहिलं नव्हतं.

"घरी कावून, स्कूलमधी क्यों," ताई तिला समजावत होती. "दोनी बरोबर हायेत, माय. दोघायच्यात पयलं अक्षर 'क'च हाये."

वर्ग सुटल्यावर पल्लवीची आई थांबली. "तुमी गेल्यावर हिले कोण शिकवन, ताई? झाडू आमी मारू. शिकवाचं आमाले कुठं जमते?"

ताई सतरंज्या गोळा करायला लागली. दोन दिवसांची पाहुणी मी, सतरंजीचं दुसरं टोक धरलं. फार वाईट वाटलं.

"दोन महिने अजून भेटले असते तं पोरगी लिवती झाली असती," परतताना ताई म्हणाली.

मैत्रीबाग, म्हणजे भिलाईचं प्राणिसंग्रहालय, पाहायची राहिली. तुम्ही गेलात तर पाहून या. आमचा तिसरा दिवस खोकी बांधण्यात गेला. पुस्तकं ताईने विहाराच्या कपाटात ठेवली, किल्ली बायकांकडे दिली. हजेरीची वही तेवढी सोबत आणली.

नागपूरला ती वही चाळताना शेवटच्या पानावर पेन्सिलीची मोठाली अक्षरं दिसली. 'ताई कावून चालली.' खाली नाव, पल्लवी.

ताईने चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचलं. "एकबी अक्षर चुकलं नाई," म्हणाली आणि लगेच पल्लवीच्या आईला फोन लावला. "पल्लवीले फोन दे. बरोबर लिवलं म्हना तिनं."

पलीकडे बराच वेळ हाका ऐकू आल्या. मग आईच बोलली.

"ती बोलून नाई राहिली, ताई."